हवेवर चालणारी गाडी आणि सुप्याचा हिशोब

२००७ सालच्या सुरुवातीला एक बातमी जगभर फिरली. टाटा मोटर्सने फ्रान्समधल्या एमडीआय नावाच्या छोट्या कंपनीशी करार केला होता. एमडीआयचे संस्थापक गी नेग्र हे इंजिनाच्या दुनियेतलं वल्लीच म्हणावं असं नाव. फॉर्म्युला वनसाठी त्यांनी बारा सिलिंडरचं एक इंजिन बनवलं होतं, ते शर्यतीत कधी धावलं नाही. आता ते म्हणत होते की गाडी चालवायला पेट्रोल लागतच नाही, हवा पुरते. दाबून भरलेली हवा सिलिंडरमध्ये सोडायची, ती पसरताना पिस्टन ढकलते, गाडी पळते, आणि मागच्या नळीतून बाहेर पडते ती थंड, स्वच्छ हवा. एकदा टाकी भरली की दोनशे किलोमीटर, असे आकडे छापून येत होते.

मे २०१२ मध्ये टाटा मोटर्सने जाहीर केलं की पहिला टप्पा पूर्ण झाला, हवेचं इंजिन आपल्या दोन गाड्यांत बसवून चालवून पाहिलं. त्यानंतर दुसरा टप्पा. २०१६ मध्ये नेग्र वारले. गाडी शोरूममध्ये आली नाही.

पण बातमी मेली नाही. आजही दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर किंवा रीलमध्ये ती नव्याने उगवते. खाली ठरलेली कॉमेंट असते: ‘तेल कंपन्यांनी दाबून टाकली.’ कट-कारस्थान ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात गणित करावं लागत नाही. या गाडीचं काय झालं हे समजून घ्यायचं तर मात्र गणितच करावं लागतं. ते कसं करायचं, याची एक जुनी पद्धत पुणे जिल्ह्यातल्याच एका गावाच्या इतिहासात सापडते. तिथून सुरुवात करू.

रोख्याच्या मागे

सुपे. बारामती तालुक्यातलं, मोरगावजवळचं गाव. (पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं सुपे वेगळं. तेही पुढे येईल.) शहाजीराजांच्या जहागिरीचा उल्लेख ‘पुणे-सुपे’ असा जोडीने होतो, त्यातलं हे सुपे. १८७५ मध्ये ते भीमथडी तालुक्यात होतं आणि बाजारपेठेचं गाव होतं. १२ मे १८७५ रोजी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी इथे जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत पसरलं.

या दंग्यांची खूण अशी, की लोकांना माणसं मारायची नव्हती. त्यांना कागद हवे होते. कर्जरोखे आणि वह्या मागायच्या, मिळाल्या की जाळायच्या. ज्या सावकाराने त्या निमूट दिल्या, त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही.

रोख्यावर एवढा राग का? कारण रोख्यावर एकच आकडा असायचा. त्यात मुद्दल किती, व्याज किती, जुन्या रोख्यातली बाकी किती, पैसे हातात देतानाच कापून घेतलेली रक्कम किती, हे काहीच दिसत नसे. कोर्टात रोखा दाखवला की तो आकडा खरा धरला जाई.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. या कायद्यात बऱ्याच मर्यादा होत्या, पण त्यात एक जबरदस्त कल्पना होती. न्यायाधीशाने फक्त रोख्यावरचा आकडा पाहून थांबायचं नाही. रोख्याच्या मागे जायचं. हा व्यवहार पहिल्यांदा कधी सुरू झाला, प्रत्यक्ष किती पैसे दिले, वाटेत काय काय कापलं आणि चढवलं, हे सुरुवातीपासून तपासायचं.

ऊर्जेचा हिशोब असाच करावा लागतो. ‘ही गाडी हवेवर चालते’, ‘ही विजेवर चालते’, ‘ही पेट्रोलवर चालते’ ही तिन्ही वाक्यं म्हणजे रोख्यावरचा वरचा आकडा. मुद्दल कुठून आलं आणि वाटेत कोणी किती कापून घेतलं, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

हवेची ट्राम

योगायोग असा, की सुप्याच्या शेतकऱ्यांमुळे तो कायदा आला त्याच वर्षी, १८७९ मध्ये, फ्रान्समधल्या नांत शहरात हवेवर चालणारी ट्राम सुरू झाली. म्हणजे २००७ ची ‘भविष्यातली गाडी’ तोवर सव्वाशे वर्षांहून जुनी झाली होती. लुई मेकार्स्की नावाच्या अभियंत्याची ही पद्धत. डेपोत वाफेच्या इंजिनाने हवा दाबायची, ट्रामखालच्या टाक्यांत भरायची, आणि त्या हवेवर ट्राम शहरात फिरवायची.

ही ट्राम चालली, आणि चांगली चालली. नांतमध्ये ती १९१७ पर्यंत होती. तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. त्या वेळी मुंबईच्या ट्राम घोडे ओढत होते; ९ मे १८७४ रोजी त्या सुरू झाल्या होत्या. घोड्यांची लीद, वैरण, आजारपणं या सगळ्यापेक्षा हवा परवडली. वाफेच्या इंजिनासारखा धूर आणि ठिणग्या भर वस्तीत नव्हत्या.

पण मेकार्स्कीच्या ट्राममध्ये एक वस्तू होती, जिच्यात सगळी गोष्ट दडलेली आहे. चालकाशेजारी गरम पाण्याचं एक भांडं असायचं. टाकीतली हवा इंजिनात जाण्याआधी त्या अतिशय गरम पाण्यातून सोडली जायची. कशासाठी? नाहीतर इंजिन गोठलं असतं.

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर

सायकलला हाताने हवा भरली असेल, तर पंपाचं खालचं टोक किती तापतं हे ठाऊक असेल. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर थोडा वेळ चालला की त्याच्या सिलिंडरच्या डोक्यावर हात ठेववत नाही.  दाबताना तापणं आणि पसरताना थंड होणं, हा वायूंचा स्वभाव आहे.

कॉम्प्रेसरला आपण जी वीज देतो, तिचा मोठा हिस्सा उष्णता होतो. टाकी थंड होते आणि ती उष्णता आजूबाजूच्या वातावरणात निघून जाते. ही पहिली कापणी. पुढे गाडीत तीच हवा पसरते तेव्हा ती गार होत जाते, आणि गार हवा पिस्टनला कमी जोराने ढकलते. त्या वेळी तिला उष्णता हवी असते, पण ती तर आपण कॉम्प्रेसरपाशीच सांडून आलो. ही दुसरी कापणी. मेकार्स्कीचं गरम पाणी ही कापणी थोडी भरून काढत होतं, पण ते पाणी तापवायला वेगळा कोळसा लागत होता.

यात इंजिनाच्या कारागिरीचा दोष नाही. भाग अधिक चांगले बनवून ही कापणी कमी करता येते, शून्यावर आणता येत नाही.

आता आकडे. एकक म्हणून महावितरणच्या बिलावरचं ‘युनिट’ धरू, म्हणजे किलोवॉट-तास. हवेच्या गाड्यांच्या आराखड्यांत ३०० लिटरची टाकी आणि ३०० बार दाब, म्हणजे वातावरणाच्या तीनशेपट, असा आकडा वारंवार येतो. भौतिकशास्त्राच्या नियमाने या टाकीतून जास्तीत जास्त, अगदी आदर्श परिस्थितीत, सुमारे १२ युनिट काम काढता येतं. बस्स. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ३०० लिटरच्या भल्यामोठ्या टाकीत सव्वा-दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा. शिवाय ही हवा ‘हवेसारखी हलकी’ नाही. एवढ्या दाबाला त्या टाकीतल्या नुसत्या हवेचं वजन शंभर किलोच्या आसपास भरतं. टाकीचं वजन वेगळं.

ती १२ युनिटची टाकी भरायला किती वीज लागते? ३०० बारपर्यंत हवा दाबणारे कॉम्प्रेसर बाजारात मिळतात. पाणबुड्यांच्या आणि अग्निशमन दलाच्या श्वसनाच्या नळकांड्या त्यावरच भरतात. त्यांच्या खपाचा हिशोब केला, तर आपली टाकी भरायला ढोबळमानाने २५ ते ३० युनिट वीज जाते. पुढे इंजिन त्या १२ पैकी निम्मी चाकापर्यंत पोचवतं असं उदारपणे धरलं, तर हातात आली ६ युनिट. प्लगमधून निघाली २५ ते ३०, चाकाला मिळाली ६. रुपयाला वीस ते पंचवीस पैसे.

आणि ६ युनिटांत छोटी चारचाकी शंभर किलोमीटरच्या आतच थांबेल. दोनशे किलोमीटरच्या दाव्यासाठी गाडी जवळजवळ कागदाची करावी लागेल.

२००९ मध्ये फेलिक्स क्रॉयत्सिग, डॅनियल कॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच हिशोब सविस्तर केला आणि ‘एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च लेटर्स’ या नियतकालिकात मांडला. निष्कर्ष असा, की लागणारी मूळ ऊर्जा, प्रदूषण, पल्ला आणि खर्च अशा चारही बाबतींत हवेची गाडी बॅटरीच्या गाडीच्या मागे पडते. कोळशाच्या विजेवर हवा भरली, तर ती पेट्रोलच्या गाडीपेक्षाही जास्त कार्बन सोडते. हा लेख सर्वांना वाचायला खुला होता. तो दाबून टाकला नव्हता, फक्त फॉरवर्ड झाला नाही.

पेट्रोलचं इंजिन, म्हणजे तापणारी शेगडी

मग पेट्रोल शंभर वर्षं कसं टिकलं? ते कार्यक्षम होतं म्हणून नव्हे. नेहमीच्या वापरात, सिग्नल आणि गर्दी धरून, पेट्रोल गाडी इंधनातली साधारण १५ ते २५ टक्के ऊर्जा चाकापर्यंत नेते. बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. दुचाकीच्या सायलेन्सरचा पोटरीला बसलेला चटका ज्यांना आठवतो, त्यांनी हा तोटा प्रत्यक्ष अनुभवलेला आहे.

पेट्रोल जिंकलं ते साठवणुकीच्या जोरावर. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. १९०० च्या आसपास रस्त्यावर वाफ, वीज आणि पेट्रोल अशा तिन्ही गाड्या होत्या. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडणारी गाडी विजेची होती. पण तेव्हाच्या शिशाच्या बॅटरीत एका किलोमागे युनिटचा तीसावा भाग जेमतेम मावायचा. पेट्रोलच्या टाकीतली तीन-चतुर्थांश ऊर्जा वाया गेली, तरी उरलेली एवढी असायची की बॅटरी जवळपासही फिरकत नसे. उधळ्या श्रीमंताचा संसार चालतो, तसं ते होतं.

१९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवर सुरू होणारं इंजिन आणलं, हँडल मारण्याची कटकट गेली, आणि विजेच्या गाडीचा उरलासुरला फायदाही संपला. गंमत म्हणजे तो फायदा हिरावला एका छोट्या विजेच्या मोटरनेच.

तार होती तिथे वीज आधीच जिंकली होती

रस्त्यावर हरलेली वीज रुळावर मात्र जिंकत होती, आणि ती गोष्ट आपल्याच मुलखात घडली. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि घोडे बाजूला झाले. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. सह्याद्रीच्या माथ्यावर साठवलेलं पाणी खाली सोडून मुंबईला वीज जाऊ लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वे धावली. पाच वर्षांत तारा घाट चढून पुण्याला आल्या, आणि १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी विजेच्या इंजिनानेच घाट चढू लागली.

रेल्वेला हे जमलं, कारण तिला काही साठवावं लागत नव्हतं. डोक्यावर तार, तारेत वीज. हवेच्या ट्रामला टाकी भरून न्यावी लागे. विजेच्या ट्रामला जेवढी लागेल तेवढीच तारेतून घेता येई. युरोपातल्या हवेच्या ट्राम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकेक करून बंद पडल्या, त्या याच कारणाने. पेट्रोलने त्यांना हरवलं नाही. विजेच्या तारेने हरवलं.

रस्त्यावरच्या गाडीला तार नाही. तिला साठवण हवीच. त्या साठवणीची वाट मोकळी झाली ती १९९१ मध्ये, सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणल्यावर. आधी कॅमेरे, मग मोबाइल, मग गाड्या. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचत आहात, त्याच्या बॅटरीनेच पेट्रोलला शंभर वर्षांत पहिल्यांदा धक्का दिला. आजच्या गाडीतली बॅटरी एका किलोमागे युनिटचा सातवा-आठवा भाग साठवते. पेट्रोलच्या तुलनेत ते अजूनही फार थोडं आहे. पण १२ युनिटची बॅटरी साधारण शंभर किलोत बसते, म्हणजे आपल्या मघाच्या टाकीतल्या नुसत्या हवेएवढ्या वजनात. आणि हवेचं इंजिन १२ पैकी ६ देतं, तिथे बॅटरी आणि मोटर मिळून दहाच्या आसपास देतात.

बॅटरीची कापणी कमी का? कारण तिथे उष्णतेचा मोठा व्यवहारच होत नाही. वीज रसायनात जाते आणि रसायनातून पुन्हा वीज होऊन बाहेर येते. चार्जर थोडं घेतो, बॅटरी थोडं घेते, मोटर थोडं घेते. सगळं वजा जाता प्लगपासून चाकापर्यंत ७० ते ८० टक्के पोचतं. उतारावर आणि ब्रेक लावताना मोटर उलटी फिरून थोडी वीज परतही देते. पेट्रोलच्या गाडीचा ब्रेक फक्त तापतो.

चेतकचे तीन जन्म

हे एका ओळखीच्या गाडीवर करून पाहू. बजाजची चेतक. १९७० च्या दशकात आकुर्डीच्या कारखान्यातून आली तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. जानेवारी २०२० मध्ये तेच नाव घेऊन विजेची चेतक पुण्यात विक्रीला आली. तिची बॅटरी सुमारे ३ युनिटची होती आणि कंपनी इको मोडमध्ये ९५ किलोमीटर सांगत होती. प्रत्यक्ष रस्ता आणि चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला प्लगमधून साडेचार युनिट जातात असं मानू. त्यातली साडेतीनच्या आसपास चाकाला पोचतात.

पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ ते ५० किलोमीटर देते. शंभर किलोमीटरला दोन लिटरहून थोडं जास्त, म्हणजे १८ ते २० युनिट.

आता कल्पनेतली तिसरी चेतक, हवेवरची. चाकाला लागणारी ऊर्जा तीच धरू, साडेतीन युनिट. रुपयाला वीस-पंचवीस पैसे या दराने प्लगमधून लागतील १४ ते १७ युनिट.

म्हणजे शंभर किलोमीटरसाठी वीज साडेचार, हवा पंधराच्या आसपास, पेट्रोल एकोणीसच्या आसपास. हवा पेट्रोलपेक्षा बरी दिसते, नाही का? इथेच रोख्याच्या मागे जावं लागतं.

शंभर युनिट कोळसा

प्लगमधली वीज आकाशातून पडत नाही. आपल्या देशातली जवळपास तीन-चतुर्थांश वीज कोळशातून येते. आपल्यासाठी ती चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांत तयार होते, आणि तिथेही इंजिनासारखीच उष्णतेची मोठी कापणी होते.

कोळशातली १०० युनिट ऊर्जा घेऊन निघू. वीज केंद्रातून बाहेर पडतात साधारण ३५. तारा, रोहित्रं आणि गळती यांतून घरापर्यंत येतात २९ च्या आसपास. ती बॅटरीच्या गाडीत घातली, तर चाकाला मिळतात सुमारे २२. हवेच्या गाडीत घातली, तर सहा-सात.

पेट्रोलचाही पूर्ण रस्ता पाहू. जमिनीतल्या तेलातली १०० युनिट उपसणं, शुद्धीकरण आणि टँकर यांतून पंपापर्यंत येताना ८५ उरतात. त्यातली चाकाला मिळतात १३ ते २१.

म्हणजे खरा क्रम असा. वीज २२, पेट्रोल १३ ते २१, हवा सहा-सात. मघाशी दुसरी आलेली हवा इथे शेवटी फेकली जाते. आणि विजेची गाडी, जी मघाशी चारपट पुढे होती, ती कोळशाच्या विजेवर पेट्रोलच्या थोडीच पुढे उरते. हे विजेच्या गाडीच्या जाहिरातीत नसतं. ‘शून्य प्रदूषण’ ही पाटीही एक रोखाच आहे. धूर थांबलेला नाही. तो रस्त्यावरून उठून चंद्रपूरच्या माणसाच्या छातीत गेला आहे.

पण या गणिताला दुसरी बाजू आहे. छतावरच्या सौर पॅनेलमधून १०० युनिट वीज निघाली, तर बॅटरीच्या गाडीत ७० ते ८० चाकाला पोचतात, हवेच्या गाडीत २० ते २५. पेट्रोल कधीही छतावर पिकत नाही. वीज केंद्र सुधारलं, सौर आणि पवन ऊर्जा वाढली, की कालच घेतलेली विजेची स्कूटरही आपोआप सुधारते. पेट्रोलचं इंजिन विकत घेतल्या दिवशी असतं तेच शेवटपर्यंत राहतं, किंबहुना रिंग झिजल्या की बिघडतच जातं. हवेची गाडी मात्र वीज कितीही स्वच्छ झाली, तरी त्या विजेतली तीन-चतुर्थांश उडवतच राहणार. जी वीज एका हवेच्या गाडीला लागते, तिच्यात तीन बॅटरीच्या गाड्या धावतात.

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला इथे इथेनॉल आठवेल. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात आणि त्यात बारामती-इंदापूरकडच्या उसाचाही वाटा आहे. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, आणि ते जळतं त्याच गरम इंजिनात. त्याच्या रोख्यामागे उसाचं पाणी आहे. सुप्यासारख्या पर्जन्यछायेतल्या गावांना ते सांगायला नको. तिथे जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांचं पाणी विजेच्या पंपांनीच वर चढतं.

तीनचाकी आणि लाल डबा

हा सगळा इतिहास आता सुप्याच्या तालुक्यातच घडतो आहे. बारामती एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना १९९० च्या दशकाच्या अखेरीस आला. त्याची डिझेलवरची ‘आपे’ ग्रामीण महाराष्ट्राच्या ओळखीची. दूध, कांदे, शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, सगळं तिने वाहिलं. डिसेंबर २०१९ मध्ये याच कंपनीने विजेची आपे आणली. पहिल्या आपेत बॅटरी चार्ज करत बसायचं नव्हतं, रिकामी देऊन भरलेली घ्यायची होती. २०२१ मध्ये बॅटरी कायम बसवलेली आपेही आली.

डिझेलची तीनचाकी लिटरला ३० किलोमीटर देते असं धरलं, तर शंभर किलोमीटरला तीन लिटरच्या वर डिझेल जातं, म्हणजे ३३ युनिट. विजेच्या तीनचाकीला आठ-दहा युनिट पुरतात. दिवसाला शंभर किलोमीटर करणाऱ्या चालकाला यातला फरक महिन्याच्या हप्त्याएवढा असू शकतो. कार्यक्षमता हा शब्द पुस्तकी वाटतो, पण या माणसासाठी तो घरात उरणाऱ्या पैशांचा शब्द आहे. म्हणूनच त्याला पल्ला किती, बॅटरी किती वर्षं टिकेल, बदलायला किती पडतील, कर्जाचा व्याजदर किती, हे सगळं एकत्र कळलं पाहिजे. ऊर्जेत वाचलेले पैसे व्याजात गेले, तर १८७५ चा सावकार नव्या नावाने परत आला म्हणायचं.

एसटीचंही तसंच. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली, त्या दुसऱ्या, पारनेरच्या सुप्यावरून. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच रस्त्यावर ‘शिवाई’ ही विजेची एसटी धावली. तिच्यात डिझेल नाही. गंमत म्हणजे हवा आहे. मोठ्या बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. थांब्यावर येतो तो ‘फुस्स’ आवाज तिचाच. स्फोटाची भीती असलेल्या खाणीत हवेची अवजारं आजही लागतात, कारण त्यांत ठिणगी नसते. थोडा वेळ, थोडं काम आणि सुरक्षितता हवी असेल तिथे हवा उत्तम नोकर आहे. शंभर किलोमीटर गाडी ओढणं हे तिचं काम नव्हे. टाटांच्या अभियंत्यांनी ती आजमावली यात काही चुकलं नाही; आजमावल्याशिवाय कळत नाही. त्याच टाटा मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये रांजणगावात बनणारी नेक्सॉन बॅटरीवर आणली, आणि कंपनीने अखेर कोणता हिशोब मान्य केला ते तिथे दिसलं.

पुढच्या काही वर्षांत आणखी नावं येतील. हायड्रोजन आत्ताच दाराशी उभा आहे, आणि तोही पाण्यातून विजेने काढायचा, दाबून टाकीत भरायचा, गाडीत पुन्हा त्याची वीज करायची, असा बऱ्याच कापण्यांचा व्यवहार आहे. कदाचित जहाजांना, पोलादाच्या भट्ट्यांना तो लागेलच. तुमच्या स्कूटरला लागेल का, हे ठरवण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्या. मूळ ऊर्जा कुठून येते? वाटेत तिचं रूप किती वेळा बदलतं? आणि शंभर किलोमीटरला प्लगमधून किंवा पंपातून नेमकी किती जाते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर युनिटमध्ये मिळालं नाही, तर सही करण्याची घाई करू नका.